ब्लँकचं पाणी

शहराचं पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे शून्यबाई म्हणत. नाव चिडवण्यासाठीच पडलं होतं आणि ते पाडणारा शेजारच्या टेबलावरचा जंतूवाला होता. तो पाण्यातले जंतू मोजायचा, म्हणून जंतूवाला. ती दर तपासणीआधी यंत्राचं शून्य पुन्हा पुन्हा घ्यायची, म्हणून शून्यबाई. दोघंही एकाच वर्षी नोकरीला लागलेली, आणि आता दोघांनाही जिना चढताना मध्येच थांबून खिडकीतून बाहेर बघायची आवड निर्माण झाली होती.

तिचं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ आहे, सगळे त्याला स्पेक्ट्रो म्हणत. दिसायला जुन्या टाइपरायटरएवढं खोकं. त्याच्या पोटात एक दिवा, आणि त्या दिव्याचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पाण्याने भरलेल्या चौकोनी कुपीतून पलीकडे जायचा. पाण्यात नायट्रेट असेल तर ते त्या प्रकाशाचा घास घेतं. घास जितका मोठा, तितकं नायट्रेट जास्त. पण त्याआधी यंत्राला सांगावं लागतं की बाबा रे, हे बघ निव्वळ पाणी, यात काही नाही, इथून मोजायला लाग. त्या निव्वळ पाण्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकची कुपी आत ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, मग खरे नमुने एकामागून एक. यंत्र बिचारं इमानी असतं. तुम्ही ज्याला काही नाही म्हणाल, त्याला तेही काही नाही म्हणतं.

त्या दिवसांत शून्यबाई फार थकली होती. एका झोपेत जाईल असा तो थकवा नव्हता. घरात तान्हं बाळ होतं, तिचा नातू. जन्मला तेव्हा असा गुबगुबीत, की मुलाने त्याचं नाव ठेवलं ढब्बू. पण हल्ली ढब्बू नीट दूध पीत नव्हता, रात्री किरकिरायचा, दिवसा मरगळून पडायचा. सुनेला दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरचं दूध सुरू केलेलं. सून उभ्याउभ्या झोपायची, मुलगा बसल्याबसल्या झोपायचा, आणि शून्यबाई बसमध्ये खांबाला धरून डुलक्या काढत कामावर जायची. घरातल्या तिघांची मिळून एका माणसाची झोप होत नव्हती.

पावडरचं दूध सुरू झालं तेव्हा सून म्हणाली होती, "आई, ढब्बूच्या दुधासाठी बाटलीबंद पाणी आणू या का?"

शून्यबाईला ते लागलं. आयुष्यभर शहराचं पाणी तपासणाऱ्या बाईच्या घरात बाहेरून पाणी यायचं म्हणजे वैद्याच्या घरच्यांनी औषधाला गावभर फिरण्यासारखं. ती म्हणाली, "अगं, हे पाणी मी स्वतः तपासते. माझ्या सहीने रिपोर्ट जातो. तू फक्त चांगलं उकळून घे. एकदा उकळी आली की लगेच उतरवू नकोस, खळखळून आटू दे थोडं."

सून गरीब स्वभावाची. ती वाद घालायची नाही, सांगितलेलं करायची आणि जरा जास्तच करायची. सासूने आटू दे थोडं म्हटलं, तर ती पातेलं अर्धं होईपर्यंत गॅसपाशी उभी राहायची. पाणी गाळायची, निववायची, मग दूध कालवायची. बाळासाठी यापेक्षा जास्त काही करता आलं असतं तर तेही तिने केलं असतं.

ढब्बूचा रंग हळूहळू उतरला. आधी ओठांच्या कडेने, मग नखांत, मग सगळ्या अंगावरच राखेची झाक आली. शून्यबाईनेच हसून म्हटलं होतं, "आजोबांवर गेलाय. तेही असेच सावळे होते." आजोबा भिंतीवरच्या फोटोत होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. पुढे बाळ दूध पिताना धापा टाकायला लागलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ढब्बूच्या पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चिमट्यावर आकडा आला पंच्याऐंशी. त्यांनी नाकाशी ऑक्सिजन धरला. आकडा पंच्याऐंशीच. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हृदयाला भोक असू शकतं. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात जा. मी चिठ्ठी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून ढब्बूला घेऊन निघाले. शून्यबाई जाणार होती, पण मुलगा म्हणाला, "आई, तू कशाला दिवसभर बाकड्यावर बसतेस? तिथे नुसती वाटच बघायची आहे. तू कामावर जा, फोन करतो." ती कामावर गेली. कामावर निदान हात हलते राहतात, एवढाच विचार तिने केला.

प्रयोगशाळेत नेहमीचंच होतं. सिंक गळत होतं, पंखा फिरताना टकटक आवाज करत होता, आणि कोपऱ्यातला काचेचा डिस्टिलेशनचा संच फडक्याखाली झाकून ठेवला होता. त्याची शेगडी जळाली होती आणि नवी मागवून मागवून सगळे दमले होते. तेव्हापासून निव्वळ पाण्यासाठी भिंतीवरचा डीआय प्लांट वापरात होता. त्यात रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेली एक नळी. नळाचं पाणी त्या मण्यांमधून खाली येताना आपले क्षार मागे ठेवून यायचं. मणी भरले, आता आणखी क्षार धरवत नाहीत, असं झालं की वरचा लाल दिवा लागायचा. दिवा लागला की मणी बदलायचे. दिवा लागला नव्हता, म्हणजे सगळं ठीक होतं.

जंतूवाला आपल्या जंतूंच्या बशा उन्हाकडे धरून बघत होता. "आज शून्यबाई शून्यापर्यंत तरी जागी राहणार का?" त्याने विचारलं.

"नातवाला हॉस्पिटलात नेलंय," ती म्हणाली. "हृदयाचं आहे म्हणतात."

जंतूवाल्याने बशी खाली ठेवली. मग त्याने चहा आणून तिच्या टेबलाच्या कडेला ठेवला. तो तसाच गार झाला.

तिने ब्लँक ठेवला, शून्य घेतलं. माहीत असलेल्या मापाची द्रावणं लावली, त्यांच्या आकड्यांची आलेखावरची रेषा आली पट्टीने आखल्यासारखी सरळ. मग शहराचे नमुने. या महिन्यात शहराच्या पाण्याचा आकडा वर सरकला होता, पण मर्यादेच्या आत होता. तलावाचं पाणी खाली गेल्यामुळे शेतांकडच्या विहिरींचं पाणी नळाला जोडलं होतं. शेतातलं खत जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं, त्यामुळे आकडा थोडा चढणारच. मर्यादेच्या आत आहे ना, मग झालं.

राहिले होते डोंगरातल्या वस्तीचे झऱ्याचे नमुने. ते पाणी इतकं स्वच्छ, की त्याचा आकडा हल्ली शून्याच्याही किंचित खाली यायचा. उणे दोन, उणे तीन. शून्याच्या आसपास यंत्र थोडं डळमळतंच. अशा वेळी रिपोर्टात "आढळले नाही" लिहायचं. उणे नायट्रेट असं काही जगात नसतं.

झऱ्याचा पहिला नमुना तिने कुपीत भरला, आत ठेवला, झाकण लावलं. आकडा आला उणे एकोणतीस.

तिने झाकण उघडलं, कुपी पुसली, पुन्हा ठेवली. उणे एकोणतीस.

"काय बाई, यंत्राला ताप आला का?" जंतूवाला म्हणाला.

ती टेबलाकडे बघत होती. तिथे दहापट पातळ करायच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. शहराचे नमुने दाट, म्हणून सगळेच नमुने सरसकट ब्लँकच्याच पाण्याने दहापट पातळ करून लावायची इथली पद्धत होती. झऱ्याच्या नमुन्याची बाटली कोरडी होती. ती पातळ करायला विसरली होती. पाणी जसंच्या तसं ओतलं होतं. चूक झाली होती, झोपेतली चूक, आणि ती हसून पुसून टाकण्यासारखी होती.

तिने नमुना फेकायला हात उचलला आणि तसाच ठेवला. पातळ केला की उणे तीन. पातळ न करता उणे एकोणतीस. साधारण दहापट. डळमळणारं यंत्र असं हिशेबाने डळमळत नाही. झऱ्याच्या पाण्यात काही नसेल आणि तरी ते शून्याच्या इतकं खाली जात असेल, तर याचा अर्थ एकच होता. झऱ्याचं पाणी कशापेक्षा तरी कमी होतं. आणि यंत्राने ज्याला शून्य धरलं होतं, ते शून्य नव्हतं.

तिने कुपी बाहेर काढून टेबलावर ठेवली.

पूर्वी ती रोज सकाळी एक छोटीशी गोष्ट करायची. नोकरीच्या सुरुवातीला एका खडूस साहेबांनी ती लावलेली सवय होती. यंत्रात कुपीच ठेवायची नाही. रिकाम्या हवेवर शून्य घ्यायचं, आणि मग ब्लँकचं पाणी नमुन्यासारखं लावून बघायचं. ब्लँकलाच तपासायचं. "दुसऱ्याची झडती घेणाऱ्याने आधी आपले खिसे उलटे करावेत," असं ते साहेब म्हणायचे. त्यावरूनच तर तिचं नाव शून्यबाई पडलं. आणि ढब्बू किरकिरायला लागल्यापासून तिने ते सोडून दिलं होतं. ठरवून नव्हे. एक दिवस राहिलं, मग दुसऱ्या दिवशी राहिलं, मग राहिल्याचंही राहून गेलं. नाव मात्र तेवढं मागे उरलं.

तिने आता ते केलं. हवेवर शून्य, मग ब्लँक. आकडा सरसर चढला आणि वर जाऊन थांबला.

"जरा त्या प्लांटचा दिवा बघता का?" ती म्हणाली.

जंतूवाल्याने स्टूल ओढलं, वर चढून लाल दिव्यावर टिचकी मारली, मग तो फिरवून बाहेर काढला आणि उजेडाकडे धरला. आतली तार तुटलेली होती. मणी कधी भरले कुणास ठाऊक. दिवा लागला नव्हता, कारण दिवा लागूच शकत नव्हता.

"पण तुमची ती सरळ रेषा आली की सकाळी," तो स्टुलावरूनच म्हणाला.

"तीही याच पाण्यात बनवलेली," ती म्हणाली. "ज्या पाण्यात घाण, त्याच पाण्याने मोजमाप, त्याच पाण्याचं शून्य. सरळच येणार."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नळाला विहिरींचं पाणी आलं. तेच पाणी प्रयोगशाळेच्या नळाला आलं, थकलेल्या मण्यांमधून नायट्रेट घेऊन खाली गळलं आणि ब्लँक होऊन बसलं. सगळ्या शहराच्या पाण्यात जे होतं, त्यातला मोठा वाटा शून्यबाई रोज बटण दाबून वजा करत होती. खाली जे उरायचं, ते मर्यादेच्या आत असायचं.

आता खरं शून्य आणायचं कुठून? प्रयोगशाळेत निव्वळ पाण्याचा थेंब नव्हता. मग तिने झऱ्याचंच पाणी घेतलं. डोंगरातल्या वस्तीचं ते पाणी ब्लँकच्या जागी ठेवलं आणि त्यावर शून्य घेतलं. सिंकचा नळ सोडून पाणी भरलं, झऱ्याच्या पाण्याने पातळ केलं, लावलं. कुपी दोनदा पुसली.

मर्यादेच्या दीडपट.

मोठ्या माणसाला एवढ्याने काही होत नाही. तिलाच काही झालं नव्हतं. पण तान्ह्या बाळाच्या पोटात त्या नायट्रेटचं असं काही होतं, की रक्त ऑक्सिजन वाहायचं विसरतं. बाळ निळसर पडतं, राखेसारखं दिसतं. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, नव्या लोकांना शिकवलं होतं आणि मर्यादा बाळांसाठीच ठरवलेली असते हे शंभरदा सांगितलं होतं. आणि घरी बाळ राखेसारखं झालं तेव्हा ती म्हणाली होती, आजोबांवर गेलाय.

मग तिला पातेलं आठवलं. सून गॅसपाशी उभी, पाणी अर्ध्यावर आलेलं. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, ते जागेवरच राहतं, आणि पाणी अर्धं झालं की ते दुप्पट होतं. खळखळून आटू दे थोडं. हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

ती खुर्चीवर बसली. रडू यायला हवं होतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं. तिने मुलाला फोन लावला, उचलला सुनेने.

"आई, ढब्बू दूधच पीत नाहीये," सून म्हणाली. आवाज अगदी बसलेला. "हृदयाचा फोटो काढायचाय. नंबर यायला वेळ आहे. इथेही ऑक्सिजन लावलाय, आकडा हलत नाही."

"दूध देऊ नकोस. घरून नेलेलं पाणी त्याला देऊ नकोस. एक थेंबही नाही. तुझं अंगावरचं असेल तेवढंच दे. मी येते."

"का? काय झालं?"

"येते मी," ती म्हणाली. तेव्हा फोनवर तिच्याने ते सांगवलं नाही, आणि त्याबद्दल तिला नंतर बराच वेळ स्वतःची लाज वाटली.

निघताना तिने टेबलावरच्या डब्यातून गोल फिल्टर पेपर काढून पर्समध्ये टाकले. जंतूवाल्याने शहराच्या नमुन्यांचे सकाळचे रिपोर्ट ट्रेमधून उचलले आणि आपल्या खणात कुलूप लावून ठेवले. "हे आज कुठे जात नाहीत," तो म्हणाला.

टॅक्सीत तिला तो चिमटा आठवत राहिला. तो चिमटा म्हणजे तिच्या स्पेक्ट्रोचाच धाकटा भाऊ. त्यात दोन रंगांचे दिवे, एक लाल, दुसरा न दिसणारा. अंगठ्यातून कुठला प्रकाश किती पार जातो त्यावरून तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. त्याला ऑक्सिजन घेतलेलं रक्त कळतं आणि न घेतलेलं रक्त कळतं. बिघडलेलं रक्त त्याला ठाऊकच नाही. ते समोर आलं की तो गोंधळतो आणि पंच्याऐंशीच्या आसपास येऊन बसतो, मग वरून कितीही ऑक्सिजन द्या. काल तो आकडा हलला नाही तेव्हाच तिच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण काल ती आजी होती आणि आजी झोपेला आलेली होती.

हॉस्पिटलच्या लांब वऱ्हांड्यात बाकांवर माणसं दाटीने बसली होती. सून भिंतीला टेकून, मांडीवर ढब्बू. मुलगा उभा. ढब्बूचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ पाटीच्या रंगाचे. शून्यबाई सरळ दारातल्या नर्सला ओलांडून आत गेली. आयुष्यात ती कधी रांग मोडून आत गेली नव्हती.

आतल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांच्या डोळ्यांखालीही काळी वर्तुळं होती. त्या म्हणाल्या, "आजी, बाहेर बसा, नंबर येईल."

"मी पाणी तपासते," शून्यबाई म्हणाली. "सरकारी प्रयोगशाळेत. आमच्या नळाच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे. बाळाला तेच पाणी उकळून, आटवून दिलंय. त्याचं हृदय ठीक असेल कदाचित. रक्त बघा. बघायला वेळ लागणार नाही, मी कागद आणलाय."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या हातातल्या गोल पांढऱ्या कागदाकडे. त्या म्हणाल्या, "बाळाला आत घ्या."

ढब्बूच्या टाचेतून एक थेंब कागदावर घेतला. शून्यबाईने आपलं बोट पुढे केलं, "माझाही घ्या, शेजारी. तुलनेला काहीतरी हवं." दोन थेंब शेजारी शेजारी पडले. डॉक्टरबाईंनी कागद हवेत हलवला. शून्यबाईचा थेंब लालभडक झाला. ढब्बूचा चॉकलेटी होता आणि चॉकलेटीच राहिला. वारा घातला, फुंकर मारली, तरी तो लाल होईना. डॉक्टरबाई एकदम उठल्या आणि नर्सला औषधाचं नाव सांगत बाहेर धावल्या.

मुलाला काही कळलं नाही. सुनेला कळलं. ती कागदाकडे बघत होती.

"पण पाणी तर तुम्ही तपासता, आई," ती म्हणाली.

"तपासलं," शून्यबाई म्हणाली. "चुकीचं तपासलं. ब्लँकचंच पाणी खराब होतं आणि मी बघितलं नाही. तू बाटलीचं पाणी आणू म्हणत होतीस. तुझं बरोबर होतं. उकळायला मी सांगितलं, आणि उकळल्याने ते वाढलं."

सुनेने मान फिरवली. ती ओरडली असती, दोन शब्द वाईट बोलली असती, तर शून्यबाईला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. सून ढब्बूच्या पायावरून नुसता हात फिरवत राहिली, आणि सासूसाठी बाकावर सरकून जागा करायला मात्र विसरली.

औषध निळं होतं, शाईसारखं निळं. निळ्या पडलेल्या बाळाला निळंच औषध, मुलाला ते पटेना. तो नर्सला दोनदा विचारून आला. ते हळूहळू शिरेतून गेलं. दरम्यान हॉस्पिटलातल्या रक्ताच्या यंत्राचा आकडा आला. त्या यंत्रात दोन नव्हे, पुष्कळ रंगांचा प्रकाश असतो, ते चांगलं रक्त आणि बिघडलेलं रक्त वेगवेगळं मोजतं. जवळपास तिसरा हिस्सा रक्त बिघडलेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून दोन दिवस हृदयामागे लागलो असतो तर अवघड होतं." त्या कौतुकाने बोलल्या. शून्यबाईला ते कौतुक बोचलं.

सगळ्यांच्या आधी बदल सुनेला दिसला. "ओठ बघा," ती म्हणाली. ढब्बूच्या ओठांच्या कडा गुलाबी होत होत्या. मग नखं. मग तो इतका मोठ्याने रडला की वऱ्हांड्यातली माणसं दारात येऊन बघून गेली. थोड्या वेळाने त्याने लंगोट ओला केला तर तो हिरवट निळा. मुलगा घाबरला, नर्स हसली, म्हणाली औषधच आहे ते, धुऊन निघालं नाही तर मला शिव्या देऊ नका. मुलगाही हसला आणि हसता हसता तोंड झाकून रडला. शून्यबाई भिंतीला टेकली. मग ती फरशीवरच खाली बसली.

आता घरी जावं, पांघरूण डोक्यावरून ओढावं आणि कुणीही उठवू नये, असं तिला वाटत होतं. तरी तिने पर्समधून फोन काढला आणि पाणीखात्याच्या आताच्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "बाई, विहिरींचं पाणी मी आत्ता बंद करायला लावतो. पण नळ्यांत, टाक्यांत आहे ते आहेच. उद्या सकाळी पेपरात सूचना देऊ. तांत्रिक कारणास्तव म्हणून."

"बरं," ती म्हणाली. उद्या सकाळ हे शब्द ऐकायला फार छान वाटले.

सून ऐकत होती. ढब्बूला छातीशी लावून ती बसली होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिने सासूकडे सरळ पाहिलं.

"आई, उद्या कशाला?" ती म्हणाली. "संध्याकाळ होत आलीय. आत्ता सगळ्या घरांत रात्रीच्या दुधासाठी पाणी ठेवलेलं असेल. माझ्यासारख्याच कुणीतरी आटवत उभ्या असतील."

शून्यबाई उठली. गुडघे वाजले. तिने साहेबांना पुन्हा फोन लावला आणि म्हणाली, "आजच सांगायला हवं. भोंग्याची गाडी पाठवा."

"गाडी आहे, पण बोलणारा माणूस सुटीवर आहे," साहेब म्हणाले.

"मी बोलते."

पाणीखात्याच्या त्या गाडीवर एरवी नळ दुरुस्तीच्या सूचना दिल्या जात. तिने ड्रायव्हरला पहिल्यांदा आपल्याच भागात न्यायला सांगितलं. दिवे लागत होते, दुकानदार अर्धवट शटर ओढत होते. माइक तोंडाशी धरल्यावर तिला स्वतःचा आवाज परका आणि फार म्हातारा वाटला.

"लहान बाळांना नळाचं पाणी देऊ नका," ती म्हणाली. "उकळूनही देऊ नका. उकळल्याने ते जास्त वाईट होतं. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसत असतील तर आत्ता हॉस्पिटलात न्या, आणि डॉक्टरांना पाण्यात नायट्रेट आहे असं सांगा. हे पाणी मी तपासलं होतं. माझी तपासणी चुकली."

कोपऱ्यावर उभी दोन माणसं हसली. पाणी उकळू नका असं सांगणारी सरकारी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, ते शेवटचं वाक्य नाही म्हटलं तरी चालेल."

"ते म्हटल्याशिवाय ऐकणार कोण?" ती म्हणाली. "इतके दिवस मीच चांगलं आहे म्हणून सांगितलंय त्यांना."

ती पुन्हा तेच बोलली, प्रत्येक वळणावर, घसा बसेपर्यंत. एका अरुंद गल्लीत गाडी अडली. समोर तळमजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन गॅसपाशी उभी होती, पातेल्यातून वाफ वर येत होती. शून्यबाई माइकमधून बोलत राहिली. बाईने डोकं वर केलं, खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग कडेवरच्या मुलाच्या हाताची बोटं उलगडून नखांकडे पाहिलं. नखं गुलाबी असावीत, कारण तिचे खांदे खाली आले. मग तिने हात पुढे करून गॅस बंद केला आणि पातेलं मोरीत ओतलं.

"चला," शून्यबाई ड्रायव्हरला म्हणाली, "पुढची गल्ली."